ग्रामसभा गणपतीत घेतली तर बिघडतं काय?

पाखाडीवरचा
१५ ऑगस्टची आमच्या गावची (जि. रत्नागिरी) ग्रामसभा यंदाही तहकूब झाली. झेंडावंदनाला शाळेची पोरं धरून शंभरेक माणूस होतं. जिलबी वाटून झाली आणि सभेला उरलो तेवीस, त्यात पाच सदस्य आणि एक शिपाई. गणपूर्तीला, म्हणजे किमान हजेरीला, मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला कमी असेल तो आकडा लागतो. म्हणजे ६०० मतदारांच्या गावाला ९० डोकी. ती काही जमत नाहीत. मग तहकूब सभा, आणि तिला गणपूर्तीची अट नाही! दहाबारा जण बसून अख्ख्या वर्षाचा आराखडा मंजूर करतात. आठवड्याने प्रोसिडिंगचं, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताचं, रजिस्टर सह्यांसाठी वाडीत फिरतं. आमच्याकडे आलं तेव्हा आई तांदूळ निवडत होती, तिने चष्मा न लावताच सही ठोकली.

पुढे महिनाभरात गणपती. बंद घरांची कुलपं निघतात, खळ्यात गाड्या लावायला जागा उरत नाही. सरकारी तारखांच्या चार सभा होतात तशा होऊ देत, पण सरपंचाला विशेष ग्रामसभा केव्हाही बोलावता येते. गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी बोलवा की. चाकरमानीही घरपट्टी भरतात, त्यांना कोणी विचारायचं?

सुरंगी
हात जोडते, एवढं करू नका. गणपतीत माझ्या घरी दोनाची चौदा माणसं होतात. नळ एक दिवसाआड, पहाटे साडेपाचला, पाऊण तास. जलजीवनची योजना माणशी रोज ५५ लिटर धरून आखलेली, तीसुद्धा गावात राहणाऱ्या माणसांवर. मी पिंप भरू, नेवऱ्या तळू, की मुंबईकरांची भाषणं ऐकत बसू?

दोन वर्षांपूर्वी गावकीच्या (पंचायत नव्हे, गावकऱ्यांची आपसातली) बैठकीत एक भावोजी उठले आणि म्हणाले, गावाला स्वागत कमान पाहिजे, लायटिंगची. कमान झाली. पऱ्यावरच्या साकवाच्या, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलाच्या, फळ्या मात्र अजून गेलेल्याच आहेत. पोरं शाळेत जाताना उडी मारून जातात.

विरारकर
वहिनी, कमानीचे पैसे मुंबई मंडळाने दिले, ग्रामपंचायतीचा एक रुपया नाही त्यात. साकव हे ग्रामपंचायतीचं काम, ते त्यांना विचारा.

आमचं घर वर्षातले वीस दिवस उघडं असतं, पट्टी मात्र बारा महिन्यांची. २०१५ च्या अखेरीस नियम बदलले आणि घरपट्टी भांडवली मूल्यावर, म्हणजे घराच्या किमतीवर गेली. वडिलांनी हौसेने स्लॅब घातली होती, तिची शिक्षा. पाणीपट्टी वेगळीच. घरासमोरचा खांबावरचा दिवा दोन वर्षं बंद आहे. फोन केला की ‘बघतो’. मग बोलायचं कुठे? गावकीत बोललो तर म्हणतात हा पंचायतीचा विषय, पंचायतीत गेलो तर तुम्ही इथे राहत नाही.

माजी ग्रामसेवक
(हल्ली ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, पण मी जुनाच बरा.)

जरा कायद्याचं बोलू. ग्रामसभेचा सदस्य म्हणजे गावच्या मतदार यादीत नाव असलेला. ती यादी विधानसभेच्या यादीवरून निघते. घरपट्टीची पावती दाखवून सदस्य होता येत नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात तर असं आहे की नुसतं घर मालकीचं म्हणून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही, आणि दोन ठिकाणी नाव ठेवायचं नाही. नाव विरारला असेल तर गणपतीतल्या सभेत तुम्ही प्रेक्षक. ९० डोकी भरतील, पण त्यातली गणपूर्तीत धरायची किती?

आणि १ मेचं काय? आंबे, लग्नं, पोरांच्या सुट्ट्या, गाव भरलेलं असतं. त्या दिवशी ग्रामसभा असतेच. तीन गावांचा चार्ज होता माझ्याकडे, एकाही गावात मुंबईचे दहा जण सभेला बसलेले पाहिले नाहीत. शिवाय गणपती आमच्याही घरी बसतो हो. रजिस्टर घेऊन यायचं कोणी?

विरारकर
१ मेचं मान्य. पण माझं नाव गावातच आहे, तेवढं लिहून ठेवा.

सुरंगी
असणारच. मतदानाला उमेदवाराच्या गाडीतून येता. सभेला एसटीने या.

खाडीपल्याड
एवढं डोकं खाजवण्यापेक्षा नगरपंचायत मागा. सभेचा व्यापच नको.

पाखाडीवरचा
व्याप नाहीच, कारण तिथे ग्रामसभाच नाही! दापोली, गुहागर, लांजा, देवरूख, सगळीकडे १७ नगरसेवक आणि एक मुख्याधिकारी. तुम्ही-आम्ही अर्ज टाकायचा आणि घरी बसायचं. रोजगार हमी ग्रामीण भागाची, तिच्यातून आंब्याची कलमं लावायची तर तीही वाट बंद. आज तेवीस तर तेवीस, पण सरपंचाला तोंडावर हिशेब विचारता येतो.

काकांचा यादीचा मुद्दा मात्र माझ्या ध्यानात आला नव्हता. तरी एक बघा. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ला १६,९६,७७७ होती, २०११ ला १६,१५,०६९. वित्त आयोगाचा निधी मुख्यतः डोक्यांवर येतो, बंद घराचं डोकं शून्य. मग पंचायतीच्या हातात स्वतःचं काय राहतं? घरपट्टी. ती भरणारा नुसता ऐकायला आला तरी येऊ दे की. मत नको, प्रश्न तर विचारील.

सुरंगी
त्याच जनगणनेत जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका आहेत, हेही लिहा. गाव चालवतो आम्ही. ग्रामसभेआधीच्या महिला सभेत साकव तीनदा मांडला. तिन्ही वेळा ‘नोंद घेतली’.

माजी ग्रामसेवक
‘नोंद घेतली’ म्हणजे ठराव नव्हे, ताई. सूचक, अनुमोदक आणि ठराव क्रमांक पडला का ते प्रोसिडिंगला बघा. नसेल तर तीनदा मांडून न मांडल्यासारखंच.

सुरंगी
क्रमांक नाही. आत्ताच सदस्याला फोन करून विचारलं.

बरं, घ्या सभा गणपतीत. पण पहिला विषय पाणी. चौदा माणसं आलीच आहेत तर त्यांनाही कळू दे पाऊण तास म्हणजे काय. आणि सकाळी नको.

विरारकर
दुपारी तीन?

सुरंगी
तीनला खालच्या वाडीत भजन.

माजी ग्रामसेवक
वेळ ठरवा नंतर. नोटीस आधी काढावी लागते, म्हणून विषय लेखी आत्ताच द्या. ऐनवेळच्या विषयात साकव आणलात तर पुढच्या सभेवर ढकलतील, मी स्वतः ढकललेत.

पाखाडीवरचा
आज रात्री अर्ज लिहितो. पाणी, खांबावरचा दिवा, साकव. अजून काही?

सुरंगी
साकव नुसता लिहू नका. फळ्या दोन, साडेपाच फुटी. मी मोजल्यात.