सासूबाईंना डायबेटिस आणि हिरड्यांतून रक्त: २००० रुपयांत कुठला वॉटर फ्लॉसर घेऊ?

गोदाकाठ: सासूबाई ६१ वर्षांच्या. एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी शुगर) ८.९. गोळ्या मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि बीपीची अम्लोडिपिन. दात घासताना रक्त येतं, खालचे पुढचे दोन दात हलतात. दुखत काहीच नाही म्हणून डेंटिस्टकडे जायला तयार नाहीत. सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात. पाण्याच्या फवाऱ्याने दातांच्या फटी धुणाऱ्या फ्लॉसरसाठी बजेट २०००, नाशिक.

अजिंक्यतारा: दोन हजारांतला घेऊच नका, छोटी टाकी मध्येच संपते. टेबलावर ठेवायचा मोठ्या टाकीचा घ्या, पाच-सहा हजार जातील. आमच्याकडे तोच आहे, एक नंबर! पाणी कोमट, प्रेशर सगळ्यात कमी, टोक हिरडीच्या कडेशी काटकोनात.

मिलिमीटर: फ्लॉसर नंतर बघा. दात हलतोय म्हणजे बहुधा आतलं हाड झिजलंय. हिरडीखाली बसलेलं कडक कीट पाण्याच्या फवाऱ्याने निघत नाही. डेंटिस्टला प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी पॉकेट (दात आणि हिरडी यांच्यातली फट किती खोल ते) मोजून चार्ट द्यायला सांगा. ३ मिमीपर्यंत ठीक, ४ पासून पुढे काळजीचं. मग भूल देऊन मुळापर्यंत सफाई, म्हणजे रूट प्लेनिंग. वरवरच्या स्केलिंगने भागणार नाही.

निशिगंध: आधी एचबीए१सी ७ वर आणा. ८.९ ला कुणी दाताला हात लावत नाही.

मिलिमीटर: निशिगंध, असं सांगू नका, लोक यातच वर्ष घालवतात. शुगर जास्त असली तर हिरडीची शस्त्रक्रिया लांबवतात, सफाई नाही. साखर वाढली की पांढऱ्या पेशी नीट लढत नाहीत आणि जखम भरायला वेळ लागतो, त्यामुळे हिरडी सडते. तिकडे हिरडीच्या सुजेतून रक्तात जाणारी द्रव्यं इन्सुलिनचं काम बिघडवतात, म्हणून शुगर चढते. २०२२ च्या कोक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्या एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष) हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांनी एचबीए१सी सरासरी ०.४३ ने उतरलेलं आहे. गोळ्या चालू ठेवूनच हे करायचं.

निशिगंध: ०.४३ म्हणजे फार काय? रात्रीचा भात बंद केला तरी तेवढं उतरेल.

तात्या_मिरज: भाताचा वेगळा धागा काढा. मिश्रीबद्दल कुणीच बोलत नाही! तंबाखूची पूड बोटाने घासून हिरडी खाली सरकते, मुळं उघडी पडतात. शिवाय निकोटिनने रक्तवाहिन्या आवळतात, त्यामुळे रोग असेल त्यापेक्षा रक्त कमी दिसू शकतं. एकदम सुटणार नाही, आधी संध्याकाळची बंद करा.

कोकणकडा: अम्लोडिपिननेही काही जणांच्या हिरड्या फुगतात. दातांच्या मधली टोकं जाड दिसतात का बघा. दिसली तर गोळी बदलायचं फिजिशियनला विचारा. आपल्या मनाने बंद करू नका.

वर्षू: मिलिमीटर म्हणाले तेच मीही म्हणते, आधी सफाई. आणि फ्लॉसरपेक्षा इंटरडेंटल ब्रश, म्हणजे दातांच्या फटीत घालायचा बारीक ब्रश घ्या. फट बघून नंबर: सैल गेला तर उपयोग नाही, जोर लावावा लागला तर एक नंबर खाली. दोन-तीन मापं लागतात. साधा ब्रश मऊ, हिरडीकडे ४५ अंशांत तिरका. गुळणीचं औषध क्लोरहेक्सिडीन ०.२ टक्के, १० मिली, अर्धा मिनिट चूळ, दोन वेळा, फक्त दोन आठवडे. पेस्टनंतर अर्धा तास थांबून, नाहीतर औषधाचा जोर कमी होतो. जास्त दिवस वापरलं तर दात तपकिरी पडतात.

अजिंक्यतारा: इंटरडेंटलच्या तारा वाकतात. फ्लॉसर वर्षानुवर्षं चालतो.

कोकणकडा: नाशकात दंत महाविद्यालय आहे, तिथल्या हिरड्यांच्या विभागात खर्च कमी येईल. फेऱ्या मात्र जास्त होतात.

मिलिमीटर: ग्लिमेपिराइड चालू आहे, जेवण लांबलं तर ती शुगर फार खाली नेऊ शकते, म्हणून जपा. सकाळची वेळ घ्या, नाश्ता आणि गोळ्या नेहमीसारख्या. भुलीने तोंड दोन-तीन तास बधिर राहतं, जेवण लांबतं आणि शुगर पडते. पेज किंवा ताक सोबत न्या, गरम काही नको. घाम, थरथर वाटली की मीटर लावा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. आणि सासूबाईंना आधीच सांगा, सफाईनंतर दात जास्त हलल्यासारखे वाटतात, गार लागतं. किटाने दात एकमेकांना धरलेले असतात, तो आधार जातो. नाहीतर ‘डॉक्टरने दात सैल केले’ म्हणून दुसऱ्या बैठकीला यायच्या नाहीत.

गोदाकाठ: सगळ्यांचे आभार. फ्लॉसर रद्द. कॉलेजच्या फेऱ्या त्यांच्या गुडघ्यांना झेपणार नाहीत, म्हणून गल्लीतल्याच डॉक्टरांकडे जाणार, तिथे त्या ऐकतात. पॉकेटचा चार्ट मागणार आहे. दोन हजार ओलांडले तर इंटरडेंटल पुढच्या महिन्यात. मिश्री आत्ता काढली तर त्या यायच्याच नाहीत, म्हणून तो विषय पहिल्या बैठकीनंतर.

तात्या_मिरज: मिश्री चालू ठेवून सफाई केलीत तर जखम नीट भरणार नाही. निदान ते दोन-तीन आठवडे तरी डबी लपवा.

मिलिमीटर: तीन महिन्यांनी एचबीए१सी आणि चार्ट दोन्ही पुन्हा करा. त्याआधी एचबीए१सीतला फरक पूर्ण दिसत नाही.