झाडाच्या नावापुढचा 'एल.' पाटीवर ठेवायचा की उडवायचा?

चौथा_मजला:
नमस्कार मंडळी. सोसायटीतल्या झाडांना पाट्या लावायच्या ठरल्या आहेत. वर मराठी नाव, खाली शास्त्रीय. नावं मी पुस्तकातून उतरवली. आंबा मॅन्जिफेरा इंडिका एल., पिंपळ फायकस रिलिजिओसा एल., चिंच टॅमरिंडस इंडिका एल. कढीपत्त्याला मात्र एल. कंसात आणि बाहेर भलतंच काहीतरी. सागाला एल. एफ.! आमचे सेक्रेटरी म्हणतात, पेंटर अक्षरामागे पैसे घेतो, हे शेपूट कुणाला कळत नाही, उडवा. एल. म्हणजे झाडांना शास्त्रीय नावं देणारा लिनिअस एवढं मला ठाऊक आहे. पण तो बाबा स्वीडनचा. आपल्या पिंपळाशी त्याचा काय संबंध? तो इकडे कधी आला होता का?

तिरकस:
आपण हजारो वर्षं अश्वत्थ म्हणतोय आणि बारसं करणार गोरा. सेक्रेटरींना माझा पाठिंबा. रंगही वाचेल.

हर्बेरियमवाली:
आला नव्हता. तरुणपणी हॉलंडला गेला, तिथून थोडं इंग्लंड, थोडं फ्रान्स, आणि १७३८ मध्ये स्वीडनला परतल्यावर पुन्हा देशाबाहेर पडला नाही. माझी अख्खी नोकरी कॉलेजच्या हर्बेरियममध्ये गेली. वाळलेली रोपं कागदावर चिकटवायची आणि कोपऱ्यात लेबल लिहायचं, हेच काम. बाकीच्या शास्त्रज्ञांना लेबलावर निदान दोनचार अक्षरं द्यावी लागतात, ह्याचं एका अक्षरात भागतं.

आपली झाडं त्याने पाहिली ती बहुतेक कागदावरच. पॉल हर्मन नावाच्या डॉक्टरने सिलोनमध्ये झाडं वाळवून ठेवली होती. तो संग्रह हर्मनच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी लिनिअसच्या हाती लागला आणि त्यावरून त्याने १७४७ मध्ये 'फ्लोरा झेलानिका' लिहिलं. दुसरा आधार 'हॉर्टस मलबारिकस'चा. मलबारचा डच कमांडर व्हान रीडे याने करवून घेतलेले, तिथल्या झाडांवरचे हे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापले गेले.

तिरकस, आता तुमच्यासाठी. त्या ग्रंथाची माहिती दिली कुणी? इट्टी अच्युतन नावाच्या मल्याळी वैद्याने, आणि कोचीच्या तीन कोकणी ब्राह्मणांनी. रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट. ह्या तिघांनी कोकणीत लिहून दिलेलं प्रशस्तिपत्र पहिल्या खंडात चक्क नागरी अक्षरांत छापलेलं आहे. चित्रांवरही लॅटिन, मल्याळी, अरबी ह्यांच्या जोडीला नागरीत नावं आहेत. लिनिअसला ती वाचता येत नसणार, पण आपल्याकडच्या झाडांना नावं देताना तो हीच पानं उलटत होता, आणि काही नावांचा तर आजही मूळ आधार म्हणजे त्यातलं चित्रच. तेव्हा झाड त्याने शोधलं असा एल.चा अर्थ कुणी लावू नये. एल. म्हणजे सातबारा नव्हे. अमुक दोन शब्दी नाव अमक्याने छापून प्रसिद्ध केलं, शंका आली तर त्याचं वर्णन उघडा, एवढीच ती खूण. १७५३ मध्ये त्याचं 'स्पीशिज प्लांटेरम' निघालं आणि वनस्पतींच्या नावांचा हिशेब तिथून सुरू होतो. त्याआधीची नावं ओळ ओळ लांब असत. तुमच्या पेंटरने सोसायटी विकून घेतली असती.

शंका येतेच, तुळशीचंच बघा. ह्या गृहस्थाने तिला दोनदा नाव दिलं. १७५३ मध्ये ऑसिमम टेन्युइफ्लोरम आणि १७६७ मध्ये ऑसिमम सँक्टम. दोन्ही एल., झाड एकच! लोकांना सँक्टम आवडतं, औषधाच्या बाटल्यांवरही बरेचदा तेच. पण नियम जुन्या नावाच्या बाजूने आहे. पाटीवर टेन्युइफ्लोरम लिहा.

कंसाचं असं. कढीपत्त्याला लिनिअसने बर्गेरा कोनिगी म्हटलं होतं. पुढे स्प्रेंगेल नावाच्या वनस्पतिज्ञाने तो मुराया ह्या प्रजातीत हलवला, म्हणून मूळ नाव देणारा कंसात आणि हलवणारा बाहेर. कोनिगी हे कोनिगवरून आणि मुराया हे मरेवरून, दोघेही लिनिअसचे विद्यार्थी. कोनिग तर तमिळनाडूत तरंगंबाडीच्या डॅनिश वसाहतीत डॉक्टर होता आणि इकडची झाडं गुरूला पाठवायचा. (अलीकडे काही तज्ज्ञ पुन्हा बर्गेराकडे वळलेत. तुम्ही मुराया ठेवलंत तरी कुणी भांडणार नाही.) सागाचा एल. एफ. म्हणजे लिनिअसचा मुलगा, तोही कार्लच. बाप वारल्यावर त्याने पुरवणी काढली, साग त्यात आहे.

ओलीमाती:
ताई, मस्त. एक भर घालते. नावात इंडिका दिसलं की झाड भारतातलं, असं पाटीवर कुणी लिहू नये. चिंच मूळची आफ्रिकेची. कर्दळ तर अमेरिकेची, तरी कॅना इंडिका एल.! त्या काळी युरोपात 'इंडिया' म्हणजे पूर्वपश्चिम सगळंच. आंब्याचं तेवढं खरं आहे.

चौथा_मजला:
धन्यवाद! एल. राहतोय. अजून एक. गेटपाशी कांचन आहे. शेजारचे काका म्हणतात, त्याचं जुळं पान बघून लिनिअसने दोन भावांचं नाव दिलं. खरं की थाप?

हर्बेरियमवाली:
काकांना चहा पाजा, बरंचसं खरं आहे. बाउहिनिया हे नाव आधी प्ल्युमिए ह्या फ्रेंच माणसाने योजलं होतं (खुरचाफ्याचं प्लुमेरिया त्याच्याच नावावरून). लिनिअसने ते ठेवलं आणि वर कारण जोडलं, की पानाचे दोन भाग म्हणजे योहान आणि कास्पार हे बाउहिन बंधू. दोघेही मोठे वनस्पतिज्ञ होते.

मला ह्याहून आवडतो तो केन्याचा किस्सा. पावसाळ्यात कुंपणाला माजतो, आपण भजी करतो, तोच केना, कॉमेलिना बेंगालेन्सिस एल. कॉमेलिन घराण्यात तिघे वनस्पतिशास्त्राकडे वळले. यान आणि त्याचा पुतण्या कास्पार नावारूपाला आले, तिसरा काही करून दाखवण्याआधीच वारला. फुलात दोन पाकळ्या ठसठशीत आणि तिसरी मरतुकडी, म्हणून हे नाव, असं लिनिअसने स्वतःच लिहून ठेवलंय. मेलेल्या माणसाबद्दल असं छापणं मला जरा आगाऊपणाचंच वाटतं, पण सकाळी दहाच्या आत फूल तोडून भिंगाखाली धरा, पाकळ्या तशाच दिसतील. दुपारी ते मिटून चिकट होतं. आणि हा यान कॉमेलिन कोण? 'हॉर्टस मलबारिकस'च्या काही खंडांवर टिपा लिहिणारा. पुतण्याने १६९६ मध्ये त्याच ग्रंथाची सूची काढली.

ओलीमाती:
अय्या, म्हणजे केना त्या भटांच्या पुस्तकाच्या माणसांच्या नावाचा! मग दसऱ्याच्या आपट्यालाही एल. का?

हर्बेरियमवाली:
नाही, तिथे चुकू नका. आपटा म्हणजे बाउहिनिया रेसिमोसा लॅम., आणि लॅम. म्हणजे फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्क. पेंटरला आधीच सांगून ठेवा, नाहीतर कांचनाची पाटी बघून तो तिथेही एल. ओढेल.