फ्री एजंटची सुरुवातीची बोली किती असावी? सिस्टिमने ठरवावी की बाजारावर सोडावी?

उदगीरचा_स्टॉपर

आपल्या ऑनलाइन फुटबॉल मॅनेजर लीगमध्ये गेल्या आठवड्यात जे झालं ते सगळ्यांनी पाहिलं नसेल, म्हणून सांगतो. एका मॅनेजरने खेळणं सोडलं, त्याचा क्लब बंद झाला आणि सगळे खेळाडू फ्री एजंट म्हणून लिलावात आले. त्यात १९ वर्षांचा एक लेफ्ट बॅक होता, टॅकलिंग आणि वेग दोन्ही तगडे. सुरुवातीची बोली १० हजार, लिलाव संपायची वेळ पहाटे सव्वातीन. एकच बोली लागली, ११ हजारांची. चार दिवसांनी तोच पोरगा ४ लाखांना विकला गेला. त्याच यादीत ३४ वर्षांचा गोलकीपर दीड लाखावर लावला होता, कारण सिस्टिम फक्त एकूण रेटिंग बघते, वय बघतच नाही. त्याला कुणी हात लावला नाही, तीन दिवसांनी तो यादीतून गेला.

माझं म्हणणं असं. तेच वय, तीच जागा, तसंच कौशल्य असलेले खेळाडू अलीकडे खरोखर कितीला विकले गेले ते बघा. सरासरी काढू नका, एखादी वेडी बोली सरासरीची वाट लावते. सगळ्या विक्र्या चढत्या क्रमाने लावा, मधली किंमत घ्या आणि तिच्या निम्म्यावर लिलाव सुरू करा. गिऱ्हाईक आलं नाही तर रोज थोडी खाली आणा.

ज्याच्या मागे पाच-सहा क्लब लागलेत त्याची सुरुवात १ रुपयापासून केली तरी फरक पडत नाही. शेवटचा भाव दुसऱ्या नंबरचा माणूस कुठे थांबतो त्यावर ठरतो. सुरुवातीची बोली कामाला येते ती गिऱ्हाईक एकटंच असतं तेव्हा, आणि पहाटे सव्वातीनला ते एकटंच असतं.

दुसरं म्हणजे, फ्री एजंटचे पैसे कुठल्याच क्लबला मिळत नाहीत, ते खेळातून बाहेर जातात. तिकिटं, स्पॉन्सर, बक्षिसं यांतून दर आठवड्याला नवा पैसा येत राहतो. तो बाहेर जायला वाट नसेल तर भाव फुगतात आणि नवीन आलेल्या माणसाला साधा मिडफिल्डरसुद्धा परवडत नाही. नवी माणसं टिकली नाहीत तर आपली लीग दोन-तीन सीझनमध्ये ओस पडेल, याची मला खरंच काळजी वाटते.

परभणी_विंगर

दादा, मला हे अजिबात पटलेलं नाही. आयपीएल बघा. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाहच्या लिलावात डेव्हिड वॉर्नर २ कोटींच्या बेस प्राइसला पडून राहिला. तिथेच १३ वर्षांचा वैभव सूर्यवंशी ३० लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. सुरुवात खाली असली की चार माणसं बघायला येतात, आली की चढाओढ लागते. वर लावलीत की लोक फिल्टरमध्येच तो खेळाडू उडवतात.

तुमचा खरा त्रास वेळेचा आहे, तो वेळेनेच सोडवा. हॅट्रिक नावाच्या अशाच ऑनलाइन फुटबॉल गेममध्ये शेवटच्या ३ मिनिटांत बोली आली की मुदत पुढे सरकते. आपल्याकडे लिलाव संध्याकाळी सातनंतर आणि रात्री अकराच्या आत संपवा, बास.

उदगीरचा_स्टॉपर

आयपीएलमध्ये बेस प्राइस खेळाडू स्वतः निवडतो. २ कोटी लावून घ्यायचे की नाही हा वॉर्नरचा निर्णय होता. आपल्या लेफ्ट बॅकला तोंड नाही, त्याच्यासाठी कुणीतरी आकडा ठरवणारच, आणि आज तो आकडा वय न बघता ठरतोय. मुदत वाढवूनही दोन माणसं जागी असतील तरच उपयोग. वेळ बदलायला माझी ना नाही, पण मंगळवारी सात वाजता एकदम ४० लिलाव संपायला लागले तर निम्म्यांना एकच गिऱ्हाईक उरणार.

बीड_रात्रपाळी

तो लेफ्ट बॅक मीच घेतला. चोरून नाही घेतला.

रब्बीत आमच्या फीडरला तीन फेज लाईट रात्रीचीच असती. हरभऱ्याला पाणी द्यायला मी जागाच असतो. मोटार चालू करायची, बारं धरायचं, तोवर बांधावर बसून मोबाईलवर यादी बघायलो तर त्यात काय चुकलं? तुम्ही लोक दिवसभर ऑफिसात बसून दर पाच मिनिटाला रिफ्रेश मारता, तेव्हा बाजार बरोबर असतो का?

माझ्या क्लबच्या खात्यात तेव्हा ३० हजार होते. तुमच्या हिशेबानं तो पोरगा २ लाखांवर सुरू झाला असता, म्हणजे मी बघायचंसुद्धा नाही. आलेल्या पैशातून मी युवा अकादमी उभी केली. खालच्या डिव्हिजनच्या माणसाला वर यायला ही एकच फट आहे अन् तुम्ही तीच बुजवायलात.

नांदेडची_स्काऊट

दोन्हीकडची बाजू कळतेय, पण सूत्राची अडचण कुणीच बोलत नाहीये. आपली लीग केवढीशी! २७ वर्षांचा, डाव्या पायाचा, हेडिंग चांगलं असलेला सेंटर बॅक महिन्याभरात किती वेळा विकला जातो? दोनदा-तीनदा. त्यातून कसली मधली किंमत काढणार? शिवाय दोन मित्र एकमेकांना फुगवून खेळाडू विकतील आणि भाव स्वतःच ठरवतील. सीझनच्या शेवटी सगळे विकायला निघतात, भाव पडतात, सुरुवातीला चढतात. कुठल्या आठवड्याच्या विक्र्या धरणार?

आणि आकडा जाहीर केला म्हणून तेवढे पैसे मोजणारं माणूस येत नाही. २०२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता, मोंढ्यात सौदे त्याच्या खालीच निघत होते.

मला वाटतं फटका विकताना बसावा. हॅट्रिकमध्ये खेळाडू जितके कमी दिवस ठेवाल तितका विक्रीच्या पैशातून एजंटचा वाटा जास्त कापला जातो. चार दिवसांत उलटून विकणाऱ्याला तो लागतो, खेळवायला घेणाऱ्याला लागत नाही. त्यातूनही पैसा बाहेर जातोच.

जालना_नंबर_१०

करार संपलेल्या खेळाडूला किंमत लावायचीच कशाला? बॉसमन या फुटबॉलपटूच्या खटल्याचा निकाल १९९५ चा आहे. त्यानंतर युरोपात करार संपला की ट्रान्सफर फी नाही. फक्त पगाराची बोली ठेवा, जो जास्त पगार देईल तो घेईल.

उदगीरचा_स्टॉपर

जालनेकर, फी गेली तरी साइनिंग बोनस, म्हणजे सही करताना खेळाडूला द्यायची रक्कम, राहिला. मेस्सी २०२१ मध्ये पॅरिसला फीशिवाय गेला, म्हणजे स्वस्तात गेला असं नाही. पगाराची बोली मला आवडेल, पण आपल्या गेममध्ये पगार कौशल्यावरून आपोआप ठरतो, तो हातात नाही.

नांदेडच्या ताई, विक्र्या कमी असतील तर वयाचा पट्टा रुंद करायचा, २७ ऐवजी २५ ते २९. त्याच दोन क्लबांत वारंवार झालेले व्यवहार धरायचेच नाहीत. भाव मागच्या सीझनच्या त्याच आठवड्यांचे घ्यायचे. एजंटचा वाटा कापा, जरूर कापा. पण ज्याने ११ हजारांत घेऊन तो लेफ्ट बॅक पाच सीझन खेळवला असता, त्याला तुमच्या नियमाने काहीच लागलं नसतं.

बीडचे भाऊ, तुमच्या जागरणावर माझा राग नाही, नियमात तुम्ही कुठेच चुकला नाहीत. पण खालच्या डिव्हिजनच्या माणसाला मदत करायची तर ती उघड करू. फ्री एजंटवर त्याला सूट देऊ, हप्ते देऊ. कोण जागं आहे त्यावर ती का अवलंबून ठेवायची? तुमच्यासारखाच ३० हजारवाला जो झोपला होता, त्याचं काय?

परभणी_विंगर

रोज भाव उतरणार म्हटल्यावर सगळे शेवटच्या दिवसाची वाट बघत बसतील.

उदगीरचा_स्टॉपर

बसू द्या. हॉलंडमध्ये आल्समेरच्या फुलांच्या लिलावात घड्याळावर भाव वरून खाली येतो, पहिला जो थांबवेल त्याचा माल. थांबणाऱ्याला दुसरा उचलेल ही धास्ती असतेच.

नांदेडची_स्काऊट

मग उतार रात्री ९ ला होऊ द्या, पहाटे नको. आणि एक सीझन फक्त २३ वर्षांखालच्यांवर करून बघू. त्यांच्या विक्र्या तरी पुरेशा असतात.

बीड_रात्रपाळी

९ ची वेळ चालेल. हप्त्यांचं अन् सवलतीचं आधी लेखी टाका, मग मत देतो. निम्म्याच्या आकड्याला माझा विरोध कायम आहे, चौथा हिस्सा करा.