धनुर्वात एकदा होऊन गेलेल्याला इंजेक्शन लागतं का? (तातडीने)

बांधावरचा: बाबांच्या पायात सकाळी खिळा घुसला. त्यांना लहानपणी धनुर्वात होऊन गेलाय. म्हणतात, "कांजिण्या पुन्हा होतात का? मग हा कसा होईल?" आत्याही त्यांचीच री ओढतेय. इंजेक्शन द्यायचं की नाही, एवढंच सांगा.

मुग्धा_क: खिळा गंजका होता का?

बांधावरचा: खिळ्यासारखा खिळा होता. गंजाचं काय मधेच?

तात्या पुणेकर: हळद-चुना भरा. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तेच, कुणाला काही झालं नाही.

परीक्षानळी: तात्या, ज्यांना झालं ते इथे लिहायला येत नाहीत.
गंजाने धनुर्वात होत नाही. त्याच्या जिवाणूचे बीजाणू माती-शेणात असतात, खोल जखमेत हवा पोचत नाही तिथे ते फोफावतात. जिवाणू जखमेतच राहतो, घात करतं ते त्याचं विष. ते इतकं जहाल की जीव जाईल एवढी मात्राही प्रतिकारशक्तीला जाग यायला पुरत नाही. म्हणून बरा झालेला माणूसही पुन्हा सापडू शकतो. कांजिण्यांचा हिशोब इथे लावू नका.

चिकित्सक बुवा: मग लशीत तेच विष टोचून काय मिळतं?

परीक्षानळी: फॉर्मालिनने त्याचा विषारीपणा मारलेला असतो, म्हणून भरपूर देता येतं. शरीर ते ओळखून प्रतिपिंडं, म्हणजे विषाला निकामी करणारी प्रथिनं, बनवतं.
@बांधावरचा, खिळा कुठे लागला? आधीचे डोस?

बांधावरचा: गोठ्यात. बरं झाल्यावर कधी टोचलंच नाही.

मुग्धा_क: अहो, हे आधी सांगायचं ना!

परीक्षानळी: मग आजच जा. लशीची प्रतिपिंडं तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून अशा जखमेला टीआयजी म्हणजे तयार प्रतिपिंडंही देतात, बहुधा २५० युनिट. विष मज्जातंतूत शिरलं की प्रतिपिंडांना ते गाठता येत नाही. पुढचे दोन डोसही चुकवू नका.

चिकित्सक बुवा: तयार प्रतिपिंडं कामी येतात हेच १८९० मध्ये बेरिंग आणि कितासातो या शास्त्रज्ञांनी प्राण्यांच्या रक्तद्रवातून दाखवलं होतं. पुढे घोड्यांचा...

मुग्धा_क: बुवा, घोडे नंतर. माझ्या वहिनीला सातवा महिना आहे, तिला टीटी या धनुर्वाताच्या लशीऐवजी टीडी दिलं. चुकलं का?

परीक्षानळी: नाही. सरकारी लसीकरणात आता टीडीच आहे, त्यात धनुर्वाताबरोबर घटसर्पाच्या लशीचाही अंश असतो.

बांधावरचा: निघालो. बाबा एकच सुई घेईन म्हणतायत.

परीक्षानळी: डॉक्टरांनी दोन सांगितल्या तर दोन्ही, वेगवेगळ्या जागी. आणि जखम नीट धुवून घ्या.

तात्या पुणेकर: चुना मात्र भिजवलेलाच घ्या हं.