रीफवरचे फोटो सगळे निळेच का येतायत?

नवखा_पाणबुड्या:
स्कूबाचा ओपन वॉटर (सुरुवातीचा) कोर्स झालाय, आत्तापर्यंत १४ डाइव्ह. यावेळी हौसेने कॉम्पॅक्ट कॅमेरा, हाउसिंग (त्याची वॉटरप्रूफ पेटी) आणि एक स्ट्रोब (पाण्यातला फ्लॅश) घेऊन उतरलो. १५ मीटरवर होतो, पाणी स्वच्छ, डोळ्यांना प्रवाळ बऱ्यापैकी रंगीत दिसत होते आणि वर येऊन बघतो तर सगळं निळंशार! स्ट्रोब लावून काढलेल्यांत तर बर्फ पडल्यासारखे पांढरे ठिपके. लाल फिल्टर घेऊ की सरळ मोठा कॅमेराच घ्यावा लागेल?

खारंपाणी:
कॅमेऱ्याचा दोष नाही रे. पाणी आधी लाल रंग गिळतं, पाच-सात मीटरलाच तो बराचसा गेलेला असतो, मग नारिंगी, मग पिवळा. तुझा मेंदू ते सांभाळून घेतो, सेन्सर नाही घेत. शिवाय स्ट्रोबचा उजेड प्रवाळापर्यंत जाणार आणि परत लेन्सपर्यंत येणार, म्हणजे दुप्पट पाणी! म्हणून एक मीटरच्या आत जा, जमलं तर अर्ध्या. आणि अंदाज चुकतोच, मास्कमधून सगळं साधारण पाव हिस्सा जवळ दिसतं, त्यामुळे "झालो जवळ" असं वाटलं की अजून थोडं पुढे. झूम केलं होतंस का? झूमने मधलं पाणी कमी होत नाही. वाइड लेन्स लाव.

मॅक्रोवेडा:
+१. ठिपके म्हणजे बॅकस्कॅटर, पाण्यातला कचरा उजळतोय. स्ट्रोब लेन्सच्या अगदी शेजारी असणार तुझा. स्ट्रोबचा आर्म (दांडा) लांब कर, स्ट्रोब हाउसिंगच्या थोडा मागे ने आणि तोंड जरा बाहेर वळव, विषयावर नुसती उजेडाची कड पडली तरी पुरते. फिल्टर उथळ पाण्यात, सूर्य पाठीशी असताना बरा, पण तेव्हा स्ट्रोब बंद, नाहीतर सगळं लालभडक. आणि रॉमध्ये (कच्च्या फाइलमध्ये) काढ बाबा, नंतर व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) बदलता येतो.

बुडबुडे:
कुणीच बोललं नाही म्हणून मी वाईटपणा घेते. १४ डाइव्हला कॅमेरा लवकर होतो. मीही असाच घेतला होता, एका इवल्याशा न्यूडिब्रँकच्या (समुद्री गोगलगायीच्या) मागे लागले आणि मागे माझ्या फिनने (पायातल्या वल्ह्याने) फांदीदार प्रवाळाचं टोक मोडलं, आवाजसुद्धा आला नाही, बडीने (जोडीदार पाणबुड्याने) दाखवलं तेव्हा कळलं. गोलसर दगडी प्रवाळ तर वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात. आधी हात न हलवता एकाच खोलीवर मिनिटभर तरंगता येतं का बघ, मग तेच हातात कॅमेरा धरून. फ्रेम जुळवताना श्वास रोखायची जमिनीवरची सवय तर सोडच, स्कूबावर तसं चालत नाही. आणि स्क्रीनमध्ये डोकं घातलं की गेज (हवा किती उरली ते) बघायचं राहतं.

खारंपाणी:
बुडबुडे, हे मी आधी लिहायला हवं होतं. जाता जाता, ओ-रिंगवर (हाउसिंगच्या रबरी कड्यावर) एक केस राहिला तरी हाउसिंगमध्ये पाणी शिरतं, कॅमेरा लावायच्या आधी बोट फिरवून बघत जा.

नवखा_पाणबुड्या:
झूम केलं होतं, कबूल :( आणि स्ट्रोब खरंच लेन्सला चिकटूनच होता. पुढच्या ट्रिपला पहिले दोन डाइव्ह मोकळ्या हातांनी. बडीला सांगून ठेवलंय, माझे फिन खाली लागले तर टँकवर टकटक कर म्हणून. तो म्हणाला, मागच्या वेळीही केली होती.