'बेचिराग' की 'बेचिराख'?

सोलापूरहून लिहिते आहे. भीमा-सीनेच्या खोऱ्यातल्या मध्ययुगीन वस्त्यांवर पीएच.डी. चालू आहे, विषय निम्मा इतिहासाचा, निम्मा भूगोलाचा. एका प्रकरणात मी 'बेचिराग गावे' लिहिलं होतं. तपासून आलं तेव्हा सगळीकडे 'बेचिराख' केलेलं. बरोबर काय? की सरळ 'ओसाड' लिहू?

— ताई, 'ग' सोडू नका. फारसीत 'बे' म्हणजे विना, 'चिराग' म्हणजे दिवा. जिथे सांजेला दिवा लागत नाही ते गाव बेचिराग. महसुली दप्तरात हाच शब्द आहे: गावाला नाव आहे, शिवार आहे, पण राहतं घर एकही नाही. बोलता बोलता त्यात आपली ओळखीची 'राख' शिरली आणि अर्थ 'जळून खाक' असा झाला. शहर बेचिराख झालं, हे मराठी आता रूढच आहे, चूक नाही. पण दुष्काळाने किंवा साथीने उठलेल्या गावाला ते लावलं, तर वाचणाऱ्याला आग लागली होती असंच वाटेल. तुमच्या प्रबंधात हा फरक कारणांचा आहे, नुसत्या शुद्धलेखनाचा नाही.

— भूगोलाच्या बाजूने एक भर. जर्मन अभ्यासक अशा जागेला 'व्युस्टुंग' म्हणतात आणि तिचे दोन प्रकार करतात: वस्ती उठलेली आणि शेतं सुटलेली. त्यासाठी नवे शब्द घडवू नका, आपल्याकडे 'पांढरी' आणि 'काळी' आहेत. पांढरी म्हणजे गावठाणाची जागा, काळी म्हणजे पिकाची जमीन. इंग्लंडात यॉर्कशरमधल्या व्हॅरम पर्सी या ओस पडलेल्या मध्ययुगीन गावाचं उत्खनन १९५० ते १९९० चाललं. तिथे माणसं गेली आणि नांगरटीची जमीन मेंढ्यांचं कुरण झाली. आपल्या बेचिराग गावांत बहुधा पांढरी ओस आणि काळी वहीत असते, कारण शेजारच्या गावची माणसं ती कसतात. 'ओसाड' शब्दात हे मावत नाही.

— पांढरी शोधायची असेल तर शेतकऱ्याला विचारा, "पांढरीची माती कुठून आणता?" धाब्याच्या घरावर घालायला आणि शेतात खत म्हणून ती गाड्या भरभरून नेलेली असते. टेकाडं त्यानेच खचलीत, खापरं इतस्ततः झालीत. फार जीव तुटतो बघून. जिथे अजून शिल्लक आहे तिथे आधी जा.

— मी करमाळ्याचा. उजनीच्या पाण्यात गेलेल्या गावांना आमच्याकडे कुणी बेचिराग म्हणत नाही, "गाव धरणात गेलं" म्हणतात. तिथे काळीही गेली, पांढरीही गेली. त्यांची यादी वेगळी ठेवा.

— सगळ्यांचे मनापासून आभार. 'ग' परत घालते आणि उजनीची गावं वेगळ्या तक्त्यात घेते. एकच राहिलं: गाव मूळ पांढरी सोडून अर्ध्या कोसावर नव्याने बसलं आणि नाव तेच राहिलं, तर त्या जुन्या जागेला तुमच्या भागात काय म्हणतात? मला मोहोळकडे 'जुनं गावठाण' एवढंच ऐकायला मिळालं.