जावास्क्रिप्टमधलं प्रॉमिस (नंतर येणाऱ्या उत्तराची जागा धरणारा ऑब्जेक्ट) मधेच कॅन्सल कसं करायचं?

प्रश्न (हिंजवडी): मित्रांनो, बसच्या वेळा दाखवणारं एक छोटं पेज बनवतोय, स्वारगेट बदलून शिवाजीनगर निवडलं की जुन्या रिक्वेस्टचं उत्तर उशिरा येऊन नव्या उत्तरावर बसतं, साधं प्रॉमिस तर कॅन्सल होत नाही, मग ब्लूबर्ड ही प्रॉमिसची तयार लायब्ररी घेऊ का स्वतःचीच लायब्ररी लिहू?

कोथरूडवरून: लायब्ररी कशाला रे, फेचला (रिक्वेस्ट पाठवणारं फंक्शन) अबॉर्टकंट्रोलरचा (रिक्वेस्ट मधेच थांबवणारा तयार ऑब्जेक्ट) सिग्नल दे आणि स्टॉप बदलला की अबॉर्ट कर. फक्त कॅचमध्ये (एरर हाताळायच्या भागात) अबॉर्टएरर, म्हणजे अबॉर्ट केल्यावर येणारा एरर, वेगळा पकड, नाहीतर उगाच एरर दिसत राहतो, माझा अख्खा शनिवार यातच गेला होता.

हडपसरवरून: प्रॉमिस.रेसने (जे प्रॉमिस आधी संपेल त्याचा निकाल घेणारं फंक्शन) टाइमआउट लावलास तरी हरलेलं काम मागे चालूच राहतं हं. ब्लूबर्डमध्ये कॅन्सलेशन आहे, पण कॉन्फिगमध्ये चालू करावं लागतं. प्रॉमिस बाहेरून रिझॉल्व्ह (पूर्ण) करायचं असेल तर २०२४ च्या जावास्क्रिप्ट स्टँडर्डमध्ये प्रॉमिस.विथरिझॉल्व्हर्स हे फंक्शन आलंय.

हिंजवडी: अबॉर्टने जमलं, खूप आभार!